सायकल स्टँडवरचे इवाई

परभणी जिल्ह्यात बारावी पास झालेलं असं एकही पोरगं सापडायचं नाही, ज्याला आमच्या इवायांनी ‘तू आता काय कर’ हे सांगितलेलं नाही. नापास झालेलंही सापडायचं नाही. इवाई म्हणजे व्याही. माझी लेक त्यांच्या पोराला दिलेली आहे. गंगाखेडच्या एका कॉलेजात ते जन्मभर कारकून होते, प्रवेशाच्या खिडकीमागं बसायचे. रिटायर झाले, शाल-नारळ घेऊन डोंगराकडच्या आपल्या गावी गेले, आणि पुढच्या जूनमध्ये घडीची खुर्ची एसटीत घालून परत हजर. खिडकीत दुसरा माणूस बसलेला होता, म्हणून त्यांनी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली खुर्ची उघडली. तेव्हापासून दर जूनला ते तिथंच. नव्या साहेबांना वाटतं, हा माणूस संस्थेचा असेल. संस्थेच्या लोकांना वाटतं, साहेबांनी बसवला असेल. पोरांना वाटतं, हेच प्रिन्सिपल. खुर्चीचं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरला त्यांनी एकदा ‘तुमची थोरली नर्सिंगला घाला, तिचा हात हलका हाय’ असं सांगितलं. पोरगी नर्सिंगला लागली. आता खुर्ची ड्रायव्हरच्या मागं उभी करायला कंडक्टर स्वतः उठतो.

त्यांची एक रीत आहे. ते मार्क विचारत नाहीत. पोरगं मार्कांचा कागद पुढं करतं, हे तो बाजूला सारतात आणि विचारतात, “गाव कोणतं? गाडी किती वाजता?” पोरगं गोंधळतं. मग इवाई त्याला समजावतात, “बाबा, मार्क पडून गेले. गाडी रोज पकडायचीय.” सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारून असतात. ती सुटेपर्यंत बऱ्याच गावांची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग पोरगं प्रॅक्टिकल बुडवतं, नाहीतर घरचे पोरीला काढून घेतात. हे त्यांनी खिडकीमागून वर्षानुवर्षं पाहिलेलं. म्हणून आधी गाडी, मग ‘घरी सकाळी पाणी कोण भरतं?’, मग ‘गंगाखेडात मुक्कामाची सोय हाय का?’ आणि सगळ्यात शेवटी ‘तुला काय आवडतं?’ एका पोराच्या बापाला राग आला. तो म्हणाला, “तुमी मास्तर हाव का टाइमकीपर?” इवाई म्हणाले, “दोन्ही न्हाई. पण तुमचं पोरगं रोज रातच्याला घरी यावं असं वाटतंय का न्हाई तुमाला?” बापानं पोराला गाडीची वेळ सांगायला लावली.

हा माणूस जागा-वेळ पाहत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात वरात आमच्या दारात येऊन उभी राहिली. औक्षणाला बायका ताटं घेऊन ताटकळल्या, आणि नवरदेवाचा बाप सापडेना. सापडला तो बँडच्या गाडीमागं. बेंजो वाजवणाऱ्या पोराला तो विचारत होता, “ही वायरिंग तूच केलीस का? मग इथं काय करायलास?” माझी बायको ताट घेऊन तिथवर गेली आणि म्हणाली, “इवाई, आधी आमच्या पोरीचं लगीन लागू द्या, मग ह्याचं बगा.” दोन महिन्यांत ते पोरगं आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला लागलं. बँडवाला अजून इवायांशी बोलत नाही. पूर्णेच्या बाजूचा एक आवाजी पोरगा होता. त्याला यांनी वकील हो म्हणून सांगितलं. तो धान्याच्या मोंढ्यात लिलाव पुकारायला लागला आणि तिथंच रमला. इवाई त्याचंही श्रेय घेतात. म्हणतात, “आवाज मीच वळखला.” एकाला फार्मसीला घातलं, तो पळून गेला. त्या गावावरून जाणाऱ्या गाडीत इवाई बसत नाहीत. चुकून बसलेच तर उतरून दुसरी घेतात.

अलीकडं कॉलेजात मेजर, मायनर असं काहीतरी नवीन निघालंय. पोरांना कळत नाही, बापांना त्याहून कळत नाही. इवायांनी त्याचं ताट केलं. मेजर म्हणजे भाकरी, ती रोज आणि पोटभर. मायनर म्हणजे कालवण. आणि ते तिसरं, कोणताही घ्यायचा विषय, तो ठेचा. थोडाच, पण आपल्या आवडीचा. पोरांना चटकन कळलं. खिडकीतल्या नव्या कारकुनाला मात्र कळेना. एक पोरगी जाऊन त्याला म्हणाली, “सर, मला भाकरीत भूगोल द्या, कालवणात मराठी.” तो बिचारा चहा टाकून सायकल स्टँडवर विचारायला आला.

एवढ्या सगळ्या जगाला सांगणारा हा माणूस घरात मात्र तोंड उघडत नाही. त्याला कारण आमचे जावई. त्यांना यांनी हट्टानं सायन्सला घातलं होतं. जावयांनी कॉलेज बुडवून दोन वर्षं बसस्टँडवर काढली आणि मग मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान झकास चालतं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण इवायांनी कानाला खडा लावला. घरच्या माणसाला सांगायचं नाही. घरात कुणी शिक्षणाचा विषय काढला की पेपर तोंडापुढं धरतात. पेपर कालचा असला तरी.

मागच्या दिवाळीनंतर माझी बायको गेली. त्यावर मी लिहिणार नाही. गेली. लेक मला न्यायला आली होती, तिला मी वाटेल ते बोललो आणि माघारी लावलं. घरात चूल पेटवली नाही. खानावळीत जेवायचं आणि पडून राहायचं. लोक भेटायला यायचे, ‘धीर धरा’ म्हणायचे. धीर काय धरायचा असतो ते कुणी सांगायचं नाही. जून लागला तसे इवाई खुर्ची घेऊन माझ्या गंगाखेडातल्या घराच्या दारात आले आणि म्हणाले, “निस्ते पडून काय करायलाव? चला, मला मानूस पायजे.” मी साखर कारखान्यात बॉयलरवर काम केलेला, चौथी नापास. मी म्हणालो, “मी कॉलेजात येऊन काय करू?” म्हणाले, “लाइन सरळ ठेवायची. पोरं लय वाकडी हुबी राहत्यात.” तेव्हापासून मी लाइन सरळ ठेवायला लागलो. पोरं मला सर म्हणायची. मी दुरुस्त केलं नाही.

एक दिवस त्या लाइनीत आमची नात दिसली. वैष्णवी. माझ्या लेकीची पोर, म्हणजे इवायांचीही नात. तिला मायक्रोबायोलॉजी शिकायची होती. रक्त तपासतात ती यंत्रं तिनं आजीला तपासणीला नेताना पाहिली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. इकडं घरी तिच्या बापाकडं एक स्थळ आलेलं. तसा तो वाईट नाही, पण पोरीच्या शिक्षणाचं धड काही ठरलं नाही की आमच्याकडं सोयरिकीचं पटकन ठरतं. ती हे सगळं आजोबांना घरात विचारून थकली होती. म्हणून चार पोरांच्या मागं, परक्यासारखी, लाइनीत उभी राहून आली. मी तिला पुढं काढायला गेलो, तर म्हणाली, “नको आबा. नंबरानंच येते.”

नंबर आला. इवायांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा झाला की पेपर शोधायला लागतात की काय. पण तिथं पेपर नव्हता.

“गाव?” ते म्हणाले.

तिनं गाव सांगितलं.

“गाडी किती वाजता?”

“तुमीच त्या गाडीनं आलाव की आजोबा.”

“इथं आजोबा-बिजोबा कुनी न्हाई. गाडी?”

तिनं गाडी सांगितली. विषय सांगितला. इवाई म्हणाले, “प्रॅक्टिकल सुटायच्या आधीच तुझी शेवटची गाडी जाती. आर्ट्स घे. घरी कुनी सांगनारं हाय का न्हाई?”

“एक आजोबा हायेत. समद्या तालुक्याला सांगत्यात. मला बघितलं की पेपरात शिरत्यात.”

लाइन हसली. मी दटावलं, तरी हसली.

“म्हातारा असंल,” इवाई म्हणाले.

“लय म्हातारा हाय. आन भित्रा बी हाय.”

गाडी जमत नसली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. मला माहीत होता, तिलाही माहीत होता. “गंगाखेडात मुक्कामाची सोय?” पोरगी खाली बघायला लागली. तिच्या आईनं तिला बजावून पाठवलं होतं, आबाला काही मागायचं नाही. इवायांनाही मागता येत नव्हतं. सुनेच्या बापाच्या दारात आपली नात ठेवा म्हणायला जाणं त्यांच्या मानात बसत नव्हतं. आणि मी माझ्या घराचं दार पोटच्या लेकीच्या तोंडावर लावलेला माणूस. लाइन वाकडी झाली, मी सरळ केली नाही.

मग इवायांनी खुर्ची माझ्याकडं फिरवली. “पुढचे या,” म्हणाले.

“मी लाइन बघायलोय.”

“राहू द्या लाइन. घरात कोन कोन असतं?”

“इवाई, चारचौघांत चाळे करू नका. तुमाला म्हाईत हाय.”

“चूल पेटती का?”

“न्हाई.”

“सकाळी उठून काय करता?”

“इथं येतो.”

“आन जून सरल्यावर?”

पोरांना ते हा प्रश्न असाच विचारतात. डिग्री झाल्यावर काय करणार, म्हणून. पोरं काहीतरी सांगतात. जून सरल्यावर मी काय करणार होतो? पडून राहणार होतो. ते मी त्या पोरांसमोर कसं सांगू? मग मी पोरीकडं बघून म्हणालो, “मला पहाटं लय खोकला येतो. तुझा अभ्यास व्हायचा न्हाई.”

“मी पहाटं उठतेच आबा.”

“सायपाक मला येत न्हाई.”

“मला तरी कुठं येतो.”

इवाई म्हणाले, “सोय हाय. सायन्स घे. पुढचे या.” आणि तोंड फिरवून खिशातला रुमाल शोधायला लागले. पुढच्या पोराला त्यांनी गाव न विचारताच कॉमर्स सांगून टाकलं. त्याला मी परत लाइनीत लावलं.

वैष्णवी आली. बरेच महिने बंद असलेला गॅस लागेना, शेजारच्याला बोलवावं लागलं. माझ्या पहिल्या भाताला तिनं एक नाव ठेवलं, ते इथं लिहीत नाही. ती पुस्तकांसाठी फळी रिकामी करायला लागली आणि तिथं तिच्या आजीचा चष्मा निघाला. “आबा, हा कुठं ठेवू?” म्हणाली. मी म्हणालो, राहू दे. तो तिथंच राहिला, तिची पुस्तकं त्याच्या दोन्ही बाजूंनी.

एका रविवारी इवाई घर बघायला आले. न्हाणीला आतून कडी बसवा म्हणाले. पोरीच्या टेबलावर मोठा बल्ब लावा म्हणाले. खोकल्याला अडुळसा घ्या, दूध वाढवा, दाराला बाहेरून कुलूप नको, आणखी काय काय म्हणाले. मी सगळ्याला हो म्हणालो. संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा.

“इवाई,” मी म्हणालो, “आजवर तुमाला काही इचारलं न्हाई. एक इचारतो.”

“इचारा की.”

“लुगडी लेकीला देऊन टाकली. चपला देऊन टाकल्या. तिच्या चष्म्याचं काय करू? तो तिच्याच डोळ्याचा हाय. दुसऱ्या कुनाला चालत न्हाई.”

इवायांनी लगेच तोंड उघडलं, सवयीनं. मग मिटलं. “मला न्हाई म्हाईत, इवाई,” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला. कंडक्टरनं बेल दिली तरी धरून होते. गाडी हलली तशी मी चार पावलं तिच्यासोबत चाललो, मग त्यांनी सोडला.