तासाच्या शेवटची हजेरी

रत्नपाल साळवी सर हजेरी तासाच्या सुरुवातीला घेत नसत, शेवटी घेत. एकतीस वर्षं हा नेम होता आणि त्यामागे कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं, लाँच होती. खाडीपलीकडच्या दिघीहून मुलं लाँचनं आगरदांड्याला उतरायची आणि तिथून सहा आसनी रिक्षात कोंबून कॉलेजात यायची. पहिला तास साडेसातचा. ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागायला वेळ घेई आणि मुलं आठला दहा कमी असताना दारात उभी राहत. सर व्यापारी कायदा शिकवत. फळ्यावरचा खडू न थांबवता ते "या" म्हणत. तास संपायला पाच मिनिटं उरली की लाल पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक उघडत.

सर मूळचे म्हसळ्याचे. आजोबांना अक्षरओळख नव्हती. कचेरीतला माणूस बोट ठेवील तिथं ते अंगठा उठवत. वडील बुधाजी गुरुजी हे घरातले पहिले सही करणारे. सही करण्याआधी ते कागद अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचत, मग तो मनिऑर्डरचा का असेना. आई कमळाबाई वैतागायची, "अहो, पोस्टमन उनात उभा हाय. त्याला भाषण नको, सही हवी!" वडिलांचं वळणदार अक्षर सरांनी घेतलं, शिस्त घेतली. वाचायचं मात्र राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजात हजेरीचं ॲप आणायचं ठरलं. प्राचार्य हेमाली मॅडमनी पाच शिक्षकांची तंत्रज्ञान नियोजन समिती नेमली. मूल्यांकनाला येणारे लोक जी फाइल पाहतात, तिच्यात 'निर्णयप्रक्रियेत शिक्षकांचा सहभाग' असा एक विभाग होता आणि तो रिकामा होता. समितीत साळवी सर सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी काम मनावर घेतलं. ॲपची माहिती वाचली, तर तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी हजेरी बंद होत होती. त्यांनी अर्धं पान लिहून काढलं. लाँचची वेळ, ओहोटीचे दिवस आणि शेवटी विनंती, की हजेरी तास संपेपर्यंत खुली असावी.

मॅडमनी ते वाचलं. "फार मुद्द्याचं आहे, सर. सभेत मांडा, म्हणजे इतिवृत्तात येईल."

सरांनी अर्ध्या पानाची घडी हजेरीपुस्तकात ठेवली आणि सभेची वाट पाहिली. एका शुक्रवारी शिपाई विठोबा इतिवृत्ताची वही घेऊन स्टाफरूममध्ये आला.

"सर, सही."

"कशाची रे?"

"मीटिंगची. तंत्रज्ञानाच्या."

"कधी आहे?"

"झाली ना मंगळवारी. तुम्ही होतात की."

"हो? चहा तरी मिळाला का मला?"

"बिनसाखरेचा घेतलात," विठोबा म्हणाला आणि दोघंही हसले.

कॉलेजची ती रीतच होती. सभा कागदावर व्हायच्या. वही खोलीखोलीतून फिरायची, पहिल्यानं सही केली की बाकीचे करायचे. त्या दिवशी चार सह्या झालेल्या होत्या. पाचव्या आकड्यापुढं विठोबानं बोट ठेवलं. त्याचा पंजा निम्म्या पानावर पसरला होता. तासाची घंटा झाली होती. सरांनी सही केली आणि वर्गावर गेले.

ॲप सुरू झालं. मुलं फोनवर आपली हजेरी लावत, ओहोटीच्या दिवशी लाँचची मुलं येईपर्यंत ती बंद झालेली असे. सरांनी मॅडमना दोनदा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सभेत घेऊ." सर लाल पुस्तकात हजेरी मांडत राहिले. ते आता कुणी मागत नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदाच ॲपवरून, परीक्षेला बसू न द्यायच्या विद्यार्थ्यांची यादी लागली. तेरा नावं. त्यांतली सात दिघीची. तिसऱ्या वर्षाची मेहेक सरांना जिन्यात भेटली. रडत नव्हती, हातात फोन घट्ट धरून उभी होती.

"सर, ॲपमध्ये माझे अडतीस दिवस दाखवतंय. एकाहत्तरपैकी."

सरांनी पुस्तक उघडलं. त्यात तिचे चौसष्ट होते.

"अब्बा म्हणतात, लाँचनं जाऊन गैरहजरच राहायचं तर घरीच बस. हे वर्ष गेलं ना सर, तर मला परत पाठवणार नाहीत."

"बघतो," सर म्हणाले.

हेमाली मॅडमनी त्यांचं ऐकून घेतलं. मग कपाटातून इतिवृत्ताची वही काढून त्यांच्यासमोर फिरवली. "मला समजतं, सर. पण नियम मी केलेला नाही. समितीनं केलाय. तुम्हीच केलाय."

सरांनी ते पान पहिल्यांदा वाचलं. मोठ्यानं वाचलं. "ठराव तिसरा. हजेरी तास सुरू झाल्यापासून दहा मिनिटांत नोंदवावी. त्यानंतर सबब ऐकली जाणार नाही. सर्वानुमते मंजूर." खाली पाचवी सही, बुधाजी गुरुजींच्या वळणाची.

"मॅडम, ही सभा झालीच नव्हती."

"असं लेखी द्याल?"

दात काढण्याआधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसं सरांना झालं. लाज वाटायला हवी होती, भीतीही. दोन्ही कुठंतरी बाहेर थांबल्या होत्या.

घरी त्यांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं. 'सदर सभा झालेली नाही. मी ठराव न वाचता सही केली.' पत्नी जयमालानं ते वाचलं. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते.

"तुमचे पेन्शनचे कागद अजून मॅडमच्याच टेबलावर आहेत ना?"

"आहेत."

"बरं," ती म्हणाली आणि जेवणाची पानं घेतली. सर जेवले. कशाची भाजी होती ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पत्र वाचून काचेच्या गोळ्याखाली ठेवलं.

"हे आवकला टाकू नका, सर. एक सभा झाली नाही म्हटलं, की बाकीच्या कुठं झाल्या म्हणून विचारतील. लाँचची मुलं किती?"

"सात."

"तुमचं लाल पुस्तक द्या. यांच्यापुरता मार्ग काढते. आणि हे परत घ्या." त्यांनी गोळा उचलला.

दाराबाहेर मेहेक उभी होती, तिची ओढणी फटीतून दिसत होती. सरांनी पत्र उचललं आणि खिशात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी विठोबा वही घेऊन आला.

"सर, सही."

"सभा कधी झाली?"

"काल." या वेळी तो हसला नाही. त्यानं पाचव्या आकड्यापुढं बोट ठेवलं.

सरांनी त्याचा हात हलकेच बाजूला सारला आणि वाचायला सुरुवात केली. "लाँचने येणाऱ्या विद्यार्थ्यांची हजेरी चालू सत्रापुरती शिक्षकांच्या नोंदवहीवरून ग्राह्य धरावी. सर्वानुमते मंजूर."

"सर, अजून दोन सह्या राह्यल्यात. मॅडम खोळंबल्यात."

'चालू सत्रापुरती' हे शब्द सरांनी पुन्हा वाचले. जूनमध्ये नवी मुलं लाँचनं येणार होती. तेव्हा फळ्यापाशी कोण असेल, आणि हजेरी कधी घेईल, ठाऊक नव्हतं. सही केली नाही तर मेहेकचं प्रवेशपत्र निघणार नव्हतं, हे ठाऊक होतं.

त्यांनी सही केली. मग मॅडमकडून परत आलेल्या लाल पुस्तकातून ते जुनं अर्धं पान काढलं. घडीवर पिवळं पडलं होतं. ते त्यांनी वहीत सहीच्या पानावर ठेवलं.

"हे काय, सर?"

"राहू दे तिथं. सभेत मांडायचं होतं."

विठोबानं त्यांच्याकडं पाहिलं, वही मिटली आणि काखेत मारून पुढच्या सहीला निघाला. कागदाचं एक टोक बाहेर आलेलं होतं.

दुपारी सुधारलेली यादी लागली, सहा नावांची. मेहेकचं नाव त्यात नव्हतं, दिघीचं कुणाचंच नव्हतं. सरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि ते तासाला गेले.