गोविंदा मास्तरनं बसवलेली चाल

गोविंदाला कुणी बँडवाला म्हटलेलं खपत नसे. मास्तर म्हणायचं. वाशीमजवळच्या मालेगावात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्याच्या बँडची खोली होती, आणि त्यांच्या लाल कोटांना बटणं लावता लावता तालमी ऐकून माझे कान किटले होते. माणूस मात्र लाखात एक. त्यानं क्लारनेट तोंडाला लावलं की समोरची भाजीवाली हिरीबाई गिऱ्हाइकाला थांब म्हणायची, आणि हिरीबाई कुणासाठी थांबणारी बाई नव्हती.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, वच्छलेचं लग्न ठरलं आणि मास्तरच्या डोक्यात एक खूळ शिरलं. लहानपणी ऐकलेली एक चाल त्याच्या मनात घर करून होती. चार-पाच सुरांची, एवढीशी. त्याचे वडील उकंडराव संध्याकाळी त्याला खांद्यावर बसवून गावातून वस्तीकडे परतायचे, तेव्हा तीच शीळ घालायचे. लेकीच्या लग्नात ती अख्ख्या बँडवर वाजवायची आणि म्हाताऱ्याला आधी कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

मला ते तेव्हाच खटकलं होतं. उकंडराव एके काळी गावचे वाजंत्री. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं ठरवलं, गावकीचं वाजवणं बंद. उकंडरावांनी सनई चुलीत घातली आणि डफडं फोडून टाकलं. पोरानं पुढं बँड काढला तेव्हा बापलेकांत बरेच दिवस अबोला होता. आम्ही सुपारी ठरवून, बूट घालून वाजवतो, कुणाच्या हुकमानं नाही, असं मास्तरचं म्हणणं. म्हाताऱ्यानं शेवटी मान डोलावली, पण एका अटीवर. जुन्यातलं काही वाजवायचं नाही. मास्तरच्या लेखी ती शीळ जुन्यातली नव्हतीच. ती घरची होती.

पहिल्या तालमीला त्यानं ती एकट्यानं क्लारनेटवर वाजवली. मी हातातली सुई खाली ठेवली. त्या चालीत काही नव्हतं हो, पण मला माझी आई दळण घेऊन येताना दिसली आणि उगाच भरून आलं. मग मास्तरला चेव चढला. आधी ट्रम्पेटं आली, मग जाड आवाजाचा तो मोठा बाजा, खुळखुळे, शेवटी ढोल. मी म्हटलं, मास्तर, एवढ्याशा चालीवर एवढं ओझं कशाला? त्याला राग आला. तू आपलं कापड काप, म्हणाला. पण थोड्या वेळानं दारात येऊन उभा राहिला.

"बाबाले कधी कोनी मोठेपन देलं नाही. मले देऊ दे."

मी पुढचा कोट ओढला आणि बटण लावायला घेतलं.

लग्नाच्या दिवशी पंचशील झालं, फुलं पडली. उकंडराव पुढच्या खुर्चीत बसले होते. अंगात मी शिवलेला पांढरा सदरा, पायांत वच्छलेनं वाशीमहून मागवलेल्या नव्या चपला. मास्तरनं क्लारनेट उचललं. पहिल्या सुरालाच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ओठ आपोआप शीळ घालण्यासारखे झाले. मास्तरनं ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि मनात म्हटलं, जिंकलं यानं.

मग ट्रम्पेटं उठली. ढोल पडला. मांडव डोलायला लागला.

उकंडराव उठले. मला वाटलं, लेकाच्या पाठीवर हात ठेवायला निघाले. ते वाकले, पायांतल्या चपला काढल्या, काखेत धरल्या आणि मांडवाबाहेर जाऊन भर उन्हात खाली मान घालून उभे राहिले. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, असंही वाटत नव्हतं.

मास्तरचं क्लारनेट थांबलं. बाकीचे थोडं पुढं वाजवत गेले आणि एकेक करून गप्प झाले. तो धावत बाहेर गेला.

"बाबा, उनात काहून उभे?"

म्हाताऱ्यानं आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग काखेतल्या चपलांकडे.

"पाटलाच्या दरवाजात हेच वाजवो आमी," ते सावकाश म्हणाले. "डफडं, सनई, सारं मिळून. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत असंच उभं राहा लागे. मंग उष्टं बांधून घेवो, तुले खांद्यावर बसवो, आन् तेच तोंडात घोळत राहे. तुले गोड लागे म्हून शिटी वाजवो. तू नुसती बारीक शिटी ऐकली होती, गोविंदा. आज तू दरवाजातलं वाजवलं."

मास्तर खाली बसला. काखेतल्या चपला ओढून घेऊन त्यानं बापाच्या पायांत घातल्या. अंगठा पट्ट्यात शिरत नव्हता. वच्छलेची पाठवणी त्या दिवशी बँडाशिवाय झाली.

पुढं त्यानं बँड चालूच ठेवला, पोट कुणाला चुकलंय? पण एका दुपारी खोलीत तो एकटाच होता आणि पलीकडून ती चाल अगदी हळू ऐकू आली. तीन-चार सुरांवर थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तिथंच थांबली. मी न राहवून दारात गेलो, विचारलं, मास्तर, पुढं का वाजवत नाही?

त्यानं क्लारनेट मांडीवर ठेवलं.

"कोनीच वाजवून नाही राह्यलं," तो म्हणाला, "तरी मले ढोल ऐकू येते."