मावशीची साक्ष

आधी मावशीचं सांगतो, कारण ती आली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. मावशी म्हणजे आमच्या दरेकशाच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. नात्यातली नव्हे. मास्तर मला वर्गाबाहेर काढायचे तेव्हा मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचो. काऊन आलास, असं तिनं कधी विचारलं नाही.

आठवीत शाळा सुटली. मी हैदराबादला गोदामात लागलो. तिथं एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीत चढवायचो, सांगितलेलं अर्ध्यात विसरायचो. शेवटी सेठ म्हणाला, "पहले डॉक्टर को दिखा, फिर काम पे आना." काम गेलंच, या धास्तीनं गावी आलो.

गोंदियाच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एडीएचडी असू शकतो. लक्ष टिकत नाही, जीव एका जागी थांबत नाही. पण तो लहानपणापासून असतो. तुम्हाला तेव्हा पाहिलेलं कोणीतरी आणा." आईबाबा आता नाहीत. मावशीला विचारलं, तर ती ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याआधी स्टेशनावर हजर.

"लहानपणी कसा होता हा?" बाईंनी विचारलं.

"लगित शांत पोरगा, बाई! एका जाग्यावर बसला का बसला. वस्तू कधी हरवली नाई."

आमच्याकडे सोयरिकीची चौकशी असो की पोलिसांची, आपल्या माणसाबद्दल चांगलंच सांगायचं असतं. तिनं तेच केलं. मला मात्र वाटलं, आता काहीच निघणार नाही, अन् सेठ म्हणणार, कामचोर आहे नुसता.

बाई हसल्या. "मावशी, पोरगा चांगलाच आहे. त्याला त्रास काय होता ते खरं सांगा, म्हणजे इलाज करता येईल."

मावशी माझ्याकडे वळली. "सांगू का गा? राग नको मानू."

"सांग."

"कायचा शांत, बाई! वर्गात बूड टेके नाई. मीठ आणाले धाडलं त नाल्यावर मासोऱ्या पाहत बसला, शेवटी मीच गेली. चपला त किती हरवल्या! मास्तर म्हणे, मुद्दाम करते. मी म्हटलं, मुद्दाम करते त मंग माह्या चुलीपाशी येऊन रडते कायले?"

मी रडायचो, हे मीच विसरलो होतो.

आणखी एकदा जावं लागलं. मग बाईंनी सांगितलं, एडीएचडीच आहे, आळस नाही. गोळ्या सुरू झाल्या. सेठला फोन केला, तर म्हणाला, "आ जा, देखते हैं." गोंदियाहून गावी परतताना मावशी गाडीत हळूच म्हणाली, "मी आधी खोटं बोलली, त तुह्यं नुकसान त नाई झालं ना?"

आता हैदराबादेत आहे, काम टिकून आहे. मावशीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. सोबत कोण येणार, म्हणून ती ऑपरेशन टाळून राहिली आहे. मावशी, मी येतो. तारीख विसरेन ही भीती आहेच, म्हणून खोलीतल्या दोघांना आठवण द्यायला सांगून ठेवलंय. तुझं सगळं काही फिटायचं नाही, पण दवाखान्यातल्या बाकावर या खेपेला तुझ्या शेजारी मी बसेन.