एक किलो मोरचुदाला किती चुना

अकरावीत मला शिकवलं ते सगळं खरं होतं. चूक पुस्तकाची नव्हती, त्यामुळे पुस्तकाच्या मागे लपायची सोय मला नाही.

सौंसरच्या शाळेत विज्ञान शाखेला आम्ही चार मुली होतो. राज्य हिंदी, म्हणून वर्गात सगळं हिंदीतून, घरी आमची मराठी बोली. आई बोरगावजवळच्या एका संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. बाकीच्या बाया निंदण करायच्या, पण फवारणीचं औषध कालवायचं काम तिच्याकडे होतं. हे काम एरवी गडीमाणसांचं. एका म्हाताऱ्या गड्याकडून ती ते शिकली होती आणि मालक ते तिच्या भरवशावर टाकून पांढुर्ण्याच्या बाजारात निघून जात. तिला याचा अभिमान होता. बोलून दाखवत नसे, पण फवारणीच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून जायची.

मोरचूद, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे निळे खडे, आदल्या संध्याकाळी फडक्यात बांधून ड्रममधल्या पाण्यात लोंबत ठेवायचं. सकाळी चुना वेगळा कालवून, गाळून त्यात ओतायचा. नुसतं मोरचूद पान जाळतं, चुना त्याला ताळ्यावर आणतो. शेवटी आई विळ्याचं पातं दगडावर घासून लख्ख करायची आणि ड्रममध्ये बुडवून बघायची. पातं तांबूस झालं की आणखी चुना. का, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी शाळा नव्हती म्हणून मी तिच्यासोबत गेले. फवारणारे गडी अजून यायचे होते. आई चुना मोजत होती.

"माय, दोन किलोले दोन किलो? एवढा कायले?"

"जेवढं मोरचूद तेवढा चुना. त्यात काय विचाराचं?"

आम्हाला नुकतीच समीकरणं शिकवली होती. मी काडी घेऊन मातीत आकडे मांडले. मोरचुदाच्या एका रेणूला चुन्याचा एक रेणू. वजनांचा भागाकार केला. दोन किलोला सहाशे ग्रॅम पुरे होते.

पाणी भरणारी बाई घागर कमरेवर घेऊन बघत होती. "घ्या! मायहून पोरगी शहाणी. आता झाडाईचा बी पेपर तपासन ही."

आई हसली. पण तिनं खरंच सहाशे ग्रॅम चुना घेतला. कोपऱ्यात गेल्या वर्षीचं पोतं तोंड उघडं ठेवून पडलं होतं, त्यातला. कालवून झाल्यावर तिचा हात विळ्याकडे गेला.

"थांब, बुडवून पायतो."

"विळ्यानं रसायन समजते का, माय? सोड आता हा अडाणीपणा."

पाणी भरणारी ऐकत होती, म्हणून मी ते जरा मोठ्यानंच म्हणाले. आईनं विळा खाली ठेवला. त्या दिवशी तीन ड्रम फवारले गेले, तिन्ही माझ्या मापाचे.

गुरुवारी वर्गात सरांनी परीक्षानळीतल्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला. खिळा बघता बघता तांबडा झाला. लोखंड तांब्याला बाहेर काढतं आणि तांबं लोखंडावर बसतं, असं सरांनी सांगितलं. मग विचारलं, "घर में, खेत में, ऐसा कहीं देखा है किसी ने?"

देखा था. मी हात वर केला नाही. पातं तांबडं होतं म्हणजे ड्रममध्ये मोकळं तांबं उरलंय, एवढं मला कळलं होतं. तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेले.

"सर, चूना पुराना हो तो?"

"खुला पड़ा रहा तो चूना कहाँ रहा? हवा खाकर खड़िया बन गया. क्यों?"

"ऐसे ही."

माझा हिशेब ताज्या चुन्याचा होता, उघड्या पोत्यातल्याचा खडू झाला होता. शाळेतून मी थेट बागेत गेले. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या होत्या. झाडांखाली काळे डाग पडलेली बारीक फळं सांडली होती. मालक आईसमोर उभे होते. ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुमच्या हातावर बाग सोडला होता मी. काय झालं?"

"चुना कमी पडला, मालक."

"विळा नाही बुडवला?"

"घाई झाली. माही चूक."

पाणी भरणारीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आई तिला म्हणाली, "तू घागर उचल वं आपली."

परतताना मी म्हणाले, "मी सांगतो त्याईले."

"काही सांगू नोको. लोक म्हणतीन, पोरीले शिकवलं अन् तिनं बाग जाळला. मंग बाकीच्या पोरीईले कोण पाठवन शाळेत?"

तिनं एकदाच नको म्हटलं आणि मी ऐकलं. एरवी मी तिचं कुठलंच म्हणणं पहिल्या खेपेला ऐकत नसे.

पुढच्या फवारणीला ड्रमवर एक गडी आला आणि आई बायांच्या ओळीत निंदायला बसली. मी रसायनशास्त्रात वर्गात पहिली आले. पांढुर्ण्याला कॉलेज केलं, शिक्षिकेची नेमणूक मिळाली. त्या रविवारला दहा वर्षं होत आली होती. आई अजून त्याच बागेत निंदत होती.

नेमणुकीचे पेढे घेऊन मी मालकांकडे गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. त्यांनी खुर्ची दिली. आमच्या घरच्या कोणाला त्यांच्या ओसरीवर खुर्ची मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. चहा आला.

"आता तुम्हाले मॅडम म्हणा लागन," ते म्हणाले. "कायचा विषय शिकवता?"

"रसायन."

"वा! तुमच्या मायचा हात लई चांगला होता बरं. एकदाच चुकली. मी म्हणतो पुन्हा ड्रमावर घ्या, पण आमची पोरं आयकत नाहीत. म्हणतात, बाईमाणसाले काय समजते त्यातलं."

एक वाक्य पुरलं असतं. ते समोर बसले होते, घाईत नव्हते. पण मी त्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी मला नुकतंच मॅडम म्हटलं होतं.

"हो," मी म्हणाले. "होते चूक कधीकधी."

चहा संपवून मी उठले. बाहेर पडताना दुरून बायांची ओळ दिसत होती. त्यात आई कोणती, ते ओळखायला मी थांबले नाही.