अकरा पानं राहिली होती

"कब से दिख रहा है ये साया?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुरुवारपासून डाग दिसतायत. सावली शनिवारपासून." मी हिंदीत सांगितलं.

"आज सोमवार है, मॅडम. चार दिन क्या कर रही थीं?"

मी खरं तेच सांगितलं. पुस्तक संपवत होते. डॉक्टर हसले नाहीत. शेजारी उभे असलेले आमचे हे, म्हणजे माझे यजमान अविनाश, तेही हसले नाहीत.

"रेटिनल डिटॅचमेंट है. पर्दा उखड़ रहा है. आज आप घर नहीं जाएँगी. कल सुबह पहला ऑपरेशन आपका."

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला चिकटलेला नाजूक पडदा. आपण जे बघतो ते त्याच्यावर उमटतं. ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो ना, तसा माझ्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटत चालला होता. सगळ्यात वाईट म्हणजे सुटलेला भाग मॅक्युलाच्या काठापर्यंत पोहोचला होता. मॅक्युला हा त्या पडद्याचा मधला बारीकसा ठिपका. अक्षरं वाचायची, सुईत दोरा ओवायचा, सगळं त्याच्याच जिवावर. तो सुटला असता तर डोळ्याला उजेड कळला असता, माणसं अंधूक कळली असती, वाचता मात्र आलं नसतं.

डाव्या डोळ्यातही पडदा दोन ठिकाणी पातळ झालेला निघाला. त्याला लॅटिस म्हणतात. तिथे त्याच संध्याकाळी लेझरने कुंपण घातलं. डॉक्टर म्हणाले, "दूसरी आँख के भरोसे मत रहिए."

तुमच्यापैकी ज्यांना माझ्यासारखा उणे नऊचा चष्मा आहे, त्यांना पडदा सुटायचा धोका जास्त, त्यांनी हे नीट वाचा. मी मूर्खपणा कसा केला ते सविस्तर सांगते. सांगताना लाज वाटते, पण सांगते.

आमचं बारा जणांचं वाचनमंडळ आहे. सगळे नोकरीपायी दिल्लीत आलेले आणि इथेच मुरलेले मराठी लोक. महिन्याच्या पहिल्या रविवारी करोल बागेत देवधर काकांच्या घरी जमतो. काका निवृत्त ग्रंथपाल, वय शहात्तर. ब्राउन पेपरचं कव्हर घातल्याशिवाय पुस्तक कुणाच्या हातात देणार नाहीत. पोहे झाले की एकेकाने सांगायचं, सध्या काय वाचतोय आणि बाकीच्यांनी ते का वाचावं. नियम एकच, तोही मीच घालून दिलेला. शेवटचं पान वाचल्याशिवाय शिफारस करायची नाही. अर्ध्या पुस्तकावर 'जबरदस्त आहे यार' म्हणणाऱ्यांची मी भर बैठकीत खरडपट्टी काढलेली आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे मी. अर्धवट फाइल पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

डिसेंबरच्या बैठकीसाठी मी काकांकडूनच आणलेली एक जाडजूड कादंबरी वाचत होते. खानदेशातल्या दोन बहिणी, दोघींचं मिळून एक बांगड्यांचं दुकान, आणि तीस वर्षं एकमेकींशी अबोला. गिऱ्हाइकाला बांगड्या भरतानाही एक बोलायची ती दुसरीला ऐकू जावं म्हणून, पण तिच्याशी नाही. शेवटी बोलतात की नाही, या एका प्रश्नाने मला धरून ठेवलं होतं.

गुरुवारी पानावर काळे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, छपाई खराब. एक ठिपका तर मी खोडरबराने पुसायला गेले. तो बाजूला सरकला. अहो, छापलेला ठिपका सरकतो का कधी? पण मला तेवढंही सुचलं नाही. मी पान उलटलं. त्या सरकत्या ठिपक्यांना फ्लोटर्स म्हणतात, हे नंतर कळलं.

शुक्रवारी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मी यांना म्हटलं, ट्यूबलाइट लुकलुकतेय. हे बिचारे स्टुलावर चढले आणि नवी ट्यूब लावून दिली.

शनिवारी नाकाच्या बाजूने, खालून, करड्या रंगाची सावली वर आली. मी चष्मा साबणाने धुतला. सावली गेली नाही, तेव्हा पुस्तक तिरकं धरून वाचायला लागले. रविवारी मेट्रोत बसल्यावर ओळी दिसेनाशा झाल्या तेव्हा पुस्तकाची अकरा पानं राहिली होती.

बैठकीत पोहोचले ती चिडूनच. काकांना म्हटलं, "काय हो ही प्रत? पानापानावर शाई उडालीय."

काकांनी चष्मा बदलला, पानं चाळली. "मेघनाताई, पानं स्वच्छ आहेत." मग पुस्तक सगळ्यांच्या हातून फिरलं. कुणालाच काही दिसेना. काका उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला असंच झालं होतं. डोळे दाखवा. आजच."

मी म्हटलं, रविवारी कोण बसलंय, उद्या बघते. अजून एक दिवस घालवला. आजही ते आठवलं की स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्याच्या आतला गर काढून घेतात, पडदा जागच्या जागी बसवतात आणि तो दाबून धरायला आत गॅस भरतात. डोळ्यापुरती भूल. माणूस जागा असतो. दुखत नाही, पण डोळ्यात काहीतरी हलतंय हे कळतं. मी दीड तास मनातल्या मनात त्या दोन बहिणींना शिव्या घालत होते.

खरी शिक्षा नंतर सुरू झाली. "फेस डाउन", डॉक्टर म्हणाले. दहा दिवस तोंड जमिनीकडे. खाणं, बसणं, झोपणं, सगळं पालथं. तासातून दहा मिनिटं सुटका. पाण्याच्या बाटलीतला बुडबुडा नेहमी वर जातो. माणूस पालथा राहिला की डोळ्यातला बुडबुडा मागच्या पडद्याला टेकतो. "जितना सिर नीचे, उतना पर्दा चिपकेगा." वाचन बिल्कुल बंद. आणि तो डोळा वाचू शकेल का, याचं उत्तर गॅस विरल्यावर, म्हणजे सात-आठ आठवड्यांनी.

मी मुळात एका जागी बसणारी बाई नाही. फोनवर बोलतानासुद्धा घरभर फिरते. दुसऱ्याच दिवशी मान भरून आली, कपाळ हुळहुळायला लागलं. यांनी करोल बागेतल्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारातून सीटला लावायची ती अर्धगोल उशी आणली. टेबलाच्या काठावर ती ठेवायची, त्यात कपाळ टेकवायचं आणि फरशीकडे बघत बसायचं. पाय हलवत राहायचे. सारखं वाटायचं, उठावं, पळावं, निदान एक जाहिरात तरी वाचावी. मटाराच्या पिशवीवर काहीतरी छापलेलं होतं, तेच डाव्या डोळ्याने चोरून वाचायचा मोह व्हायचा.

मंडळींनी मात्र कमाल केली. मला वाचता येत नाही म्हणून रोज प्रत्येकजण आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, सध्या मी अमुक वाचतोय, तुम्हीही बऱ्या झाल्यावर वाचा. प्रेमळ माणसं, पण शिफारशी बघा! एकाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची डायरी सुचवली. एकीने तर वैधव्यावरचं आत्मकथन. हे समोर धडधाकट बसून मटार सोलत होते. म्हणाले, "ते पुस्तक जरा थांबून वाच."

हे पाणीखात्यात इंजिनियर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, यांनी पेपर आणि पंपाचं माहितीपत्रक यापलीकडे काही वाचलेलं मी पाहिलं नाही. तेच आता मला वाचून दाखवायला लागले. एका गुरांच्या डॉक्टरच्या आठवणी घेतल्या. मुद्रकाचं नाव, आवृत्ती, अर्पणपत्रिका, काही सोडलं नाही. पान उलटलं की "पृष्ठ सत्तावीस" असं म्हणायचे. गाभण म्हशीचा प्रसंग टेंडर नोटिशीच्या आवाजात वाचला. मी हसले तर म्हणाले, "मान हलवू नकोस."

एकदा म्हणाले, "ती बहिणींची अकरा पानं वाचून दाखवू?"

"हात लावू नका," मी ओरडलेच. ती पानं मी माझ्या डोळ्याने वाचणार होते, त्याच डोळ्याने. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली असती तर मीच मान्य केलं असतं की हा डोळा आता वाचायचा नाही. मला भीती वाटत होती. जन्मात एवढी कशाची वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी माझा बांध फुटला. मान वर करून मी सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, जाऊ दे तो पडदा, मला नाही जमत. हे धावत आले. मला वाटलं समजावतील. यांचाच आवाज चढला.

"चार दिवस, मेघना! मी स्टुलावर चढून ट्यूब बदलली. तू बघत होतीस. एका शब्दाने म्हणाली नाहीस की डोळ्याचं काहीतरी बिनसलंय. का? तर पुस्तक संपवायचंय! आता दहा मिनिटं झाली. चल, खाली मान."

यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आत येऊन उशीत कपाळ ठेवलं.

पालथ्या माणसाला घरातलं जे दिसतं ते कुणालाच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मला यांच्या खुर्चीखाली, चपलांच्या शेजारी, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं पुस्तक दिसलं. खूण म्हणून यांचं मेट्रोचं कार्ड. वर पेपर ठेवून लपवलं होतं, पण पेपर माझ्याच बाजूने सरकला होता. रोज ते कार्ड थोडं थोडं पुढे जायचं. मी कळल्याचं दाखवलं नाही. तेवढा दहा दिवसांतला एकच विरंगुळा होता मला.

गॅस विरायला लागला की गंमत होते. आधी फक्त धूसर पाणी. मग वरून दिसायला लागतं आणि मध्ये एक रेघ हलत राहते. मग बुडबुडा लहान होत होत मण्याएवढा होतो. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी तोही दिसेना.

डॉक्टरांनी डावा डोळा झाकला आणि छापलेला कागद समोर धरला. ओळींना पोक आल्यासारखं वाटत होतं, जोडाक्षरं वाकडी दिसत होती. पण मी वाचलं, "कमल घर चल." पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर लावून.

"मॅक्युला बाल-बाल बच गया," डॉक्टर म्हणाले. "पढ़ेंगी आप. धीरे-धीरे."

मी तिथेच रडले. ज्या डॉक्टरांनी डोळा वाचवला आणि ज्या नर्सबाईंनी दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घातले, त्यांचे उपकार कुठे फेडू, मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीला हे माझ्याबरोबर आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. काका म्हणाले, "या या, अविनाशराव! मग काय, सध्या काय वाचताय?" सगळे हसले.

यांनी पिशवीतून ते ब्राउन पेपरवालं पुस्तक काढलं. "हे वाचलं. शेवटच्या पानापर्यंत, तुमच्या नियमाप्रमाणे. हिने ज्याच्यासाठी चार दिवस डोळा ताटकळत ठेवला, त्यात आहे तरी काय, ते मला बघायचं होतं."

"मग?" काकांनी विचारलं. "शिफारस?"

"चांगलं आहे. जरूर वाचा." हे माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पण डोळ्याएवढं चांगलं नाही."

मी यांचा हात धरला, सगळ्यांच्या देखत.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "अकरापैकी चार पानं झाली, सात राहिलीत. तरी सांगते, वाचा हे पुस्तक."

"आणि नियमाचं काय?" काका.

"नियम गेला खड्ड्यात."

तर मंडळी, पानावरचा डाग सरकायला लागला, डोळ्याच्या कडेला वीज चमकली, सावली आली, तर खोडरबर शोधू नका. ट्यूब बदलू नका. पुस्तकात खूण घाला आणि त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा. पुस्तक कुठे पळून जात नाही.

मी रोज एकच पान वाचते, उजव्या डोळ्याने. वाकड्या ओळींची सवय होतेय. आज आठवं झालं. दोघी बहिणी एकाच खोलीत येऊन बसल्यात, अजून बोललेल्या नाहीत. "सांगू का पुढचं?" असं हे दिवसातून दोनदा विचारतात, आणि मी खबरदार म्हणते. आत्ताही समोर मटार सोलत बसलेत आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतायत, मी कुठल्या ओळीवर आहे ते ओळखायला.