पान्यातलं कुंकू

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली, की मला एक पाना आठवतो. मी तेव्हा उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

दसऱ्याच्या सकाळी खबर आली. पर्यटकांना फिरवणाऱ्या शिडाच्या होडीवरून मालक पडला, डोकं दगडावर आपटलं. मच्छीमारांनी पाण्यातून काढलं, पण शुद्ध नव्हती. होडी जुनी, कोकणातून आणलेली. माणूस पाण्यात पडू नये म्हणून तिच्या कडेने लोखंडी खांब आणि त्यांतून ओवलेली तार होती. खांब गंजले म्हणून धाकट्या भावाने आदल्याच दिवशी नवे बसवले होते. मालक डोलकाठीला झेंडूचा हार बांधायला होडीवर चढला, तारेला टेकला आणि खांबासकट खाली गेला.

दुपारी निनावी फोन. "सायेब, भावानंच नट ढिले केल्यात. होडी इकायची का ठिवायची, रोज भांडणं हुती की!"

पंचनाम्यात नट सैलच निघाले. भाऊ एकाच घरात राहायचे. तिथल्या पिशवीतून पाना जप्त केला आणि धाकट्याला ठाण्यात आणलं. त्याचं एकच पालुपद. "नट मीच बसवल्यात. काय हुईल ते मला हू द्या."

"मग घट्ट का नाही केलेस?"

गप्प. आवाज चढवला, समजुतीनं घेतलं, चहा पाजला, तरी गप्प. आमच्या खात्यात गप्प बसणं म्हणजे अर्धी कबुली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायची तयारी झाली होती.

संध्याकाळी पहारा बदलला. आदल्या दिवशीच्या पूजेचं कुंकू पहारेकऱ्याच्या बंदुकीवर होतं, पण हाताळून पार फिसकटलेलं. मी थबकलो आणि मुद्देमालातला पाना मागवला. त्याच्या जबड्यात कुंकवाचं बोट जसंच्या तसं होतं, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. पूजेनंतर तो कोणी वापरलाच नव्हता. नटांच्या कडांवरही ओरखडा नव्हता. ते कोणी ढिले केले नव्हते. नुसते हाताने फिरवून ठेवले होते.

घरची पूजा कोणी मांडली, हे विचारायला मी दवाखान्यात मालकाच्या बायकोला गाठलं. ती ढसाढसा रडली. "पाना मीच पूजेत ठिवला, सायेब. भावजी मागाय आलं, तर म्हनलं, आज हत्यार उचलायचं न्हाय, उद्या करा. त्ये म्हनलं, तवर दादाला होडीवर जाऊ दिऊ नगा. पुरणाच्या गडबडीत माज्या ध्यानातनंच गेलं."

परत येऊन धाकट्याला हे सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा मनातलं बोलला. "वैनीला समदं गाव बोल लावंल, सायेब. आई गेल्यावर तिनंच वाढवलंय मला." मला भरून आलं. वर्दीत ते दाखवता येत नाही, म्हणून हवालदारावर उगाच खेकसलो. धाकट्याला त्याच रात्री घरी पाठवलं.

चार-सहा दिवसांनी मालक शुद्धीवर आला. जबाब घ्यायला गेलो. बायको उशाशी उभी होती. त्याने एकवार तिच्याकडे पाहिलं.

"हिनं मला सांगितलं हुतं, सायेब. व्हय, सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय."

तिने पदर तोंडात कोंबला.

उभ्या नोकरीत मी दोष दुसऱ्यावर ढकलणारे जबाबच लिहून घेतले. इथे तिघं तो आपापल्या अंगावर ओढत होती. तेव्हापासून गप्प आरोपी समोर आला, की हा कोणाला पाठीशी घालतोय, हे मी आधी बघायचो.

त्या दिवशी मालक खोटं बोलत होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. मी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली.