मिश्रीच्या डबीतलं कार्ड

छपराचे पत्रे बदलायचे होते म्हणून आम्ही माळा रिकामा केला आणि कॅमेरा नातीच्या हाती लागला. कापडी पिशवीत गुंडाळून, स्टीलच्या पिंपात घालून, वर जुनी गोधडी टाकून मीच तो ठेवला होता. फेकून द्यायला हवा होता. ते झालं नाही.

"आजी, हा मम्मीचा ना?"

"असेल."

"असेल काय? आहेच. यात मम्मीचे फोटो असतील गं!"

नव्हते. त्या कॅमेऱ्यातले फोटो एका लहानशा कार्डात जायचे. टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड. ते मी तेरा वर्षांपूर्वी माझ्या हाताने काढलं होतं आणि माझ्या मिश्रीच्या डबीत ठेवलं होतं. डॉक्टरने मिश्री सोडायला लावली, डबी राहिली. तंबाखूच्या वासाने तिला कुणी हात लावत नाही.

हे मी नातीला सांगितलं नाही.

ती आता सतरा वर्षांची आहे. तिची आई, म्हणजे माझी लेक, गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. बाप वर्षभरात दुसरं लग्न करून कल्याणला गेला, पोर माझ्याकडे राहिली. घाटकोपरच्या बाजारात मासे विकून मी तिला वाढवलं. आता गुडघे गेले, पाटी बंद झाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, माहुलच्या शाळेत. हे सांगायचं कारण, त्या आठवड्यात मी त्या चौथीच्या आड लपले.

नातीने भिंतीवरच्या घड्याळातले आणि रिमोटमधले मिळून दोन सेल काढून कॅमेऱ्यात घातले. कॅमेऱ्याचं तोंड टर्र करून बाहेर आलं. मागचा पडदा काळाच राहिला. तो तिनेच लहानपणी पाडून फोडला होता.

"चालू आहे, आजी! आता नुसता लॅपटॉपला जोडायचा."

मोबाईलची वायर त्याला बसेना. ती बाजारातून जुन्या तोंडाची वायर घेऊन आली. जोडली, काही झालं नाही. लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. आधी कॅमेरा मग वायर, आधी वायर मग कॅमेरा, असंही करून बघितलं. मोबाईलवर एक माणूस हिंदीत काहीतरी समजावत होता, तो सांगेल तसं ती करत होती. मग तिच्या मैत्रिणीने सांगितलं की काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फोटो जात नाहीत. ती परत बाजारात गेली, दुसरी वायर आणली. ती लावल्यावर लॅपटॉप एकदाचा टुंग वाजला. पोर खाटेवरून उठून उभी राहिली. कॅमेऱ्याचं नाव आलं होतं, पण आत काही नव्हतं.

सेल बदलताना तिला झाकणाआड एक रिकामी चीर दिसली.

"यात काही असतं का गं?"

"मला काय विचारतेस? मी चौथी पास."

तिने लगेच मानलं. या पोरी फोनवर वाढलेल्या, फोटो यंत्राच्या पोटात असतात एवढंच त्यांना माहीत. आणि आजीला यातलं काही कळत असेल असं कुणालाच वाटत नाही. मी कांदा चिरत बसले.

मला सगळं कळत होतं. लेकीने मला शिकवलं होतं. बाळ झाल्यावर तिने हौसेने तो कॅमेरा घेतला. ती कामावर जायची, म्हणून फोटो धुवायला द्यायला स्टुडिओत मीच जायची. कार्ड कसं काढायचं ते तिने दाखवलं होतं: ढकलायचं, टक वाजलं की सोडायचं, आपोआप बाहेर येतं. नातीचे पहिले तिन्ही वाढदिवस त्याच कार्डात होते.

मग ती आजारी पडली. गाठ होती. मोठ्या हॉस्पिटलात औषध चढवायला लागले आणि महिन्याभरात डोक्यावरचे केस गेले. तिचे केस कमरेखाली येत, तेल लावायला मला अर्धा तास लागायचा. केस गेल्यावर ती म्हणाली, "आई, एक काढ."

"याचा कशाला फोटो?"

"केस परत आले की दोन्ही शेजारी ठेवून बघू. हसू."

म्हणून मी काढत गेले. दर खेपेला एक-दोन. केस परत आले नाहीत. शेवटी शेवटी तिचा चेहरा माझ्या सासूसारखा दिसायला लागला, आणि सासू नव्वदीला गेली होती. एके दिवशी ती म्हणाली, "हे पोरीला दाखवू नको. लहान आहे, विसरेल. तिला मी केसांची आठवायला हवी."

"बरं."

"बरं नाही. नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

ती गेली. लोक आले. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून कुणीतरी कॅमेरा शोधायला लागलं, तसं मी मोरीत जाऊन कार्ड काढलं आणि सगळ्यांना लग्नातला फोटो दिला. वाढदिवसाचे आणि हॉस्पिटलातले फोटो एकाच कार्डात होते. नको ते तेवढे पुसायला मला येत नव्हतं, आणि कुणाला सांगावं तर त्याने ते बघितले असते. म्हणून सगळेच डबीत गेले.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. नात पहिलीत असताना एकदा मला म्हणाली, "आजी, मम्मीचं डोकं गुळगुळीत होतं ना? मी हात फिरवायची."

मी म्हणाले, "खुळी का तू? ते शेजारच्या बाळाचं. तुझ्या मम्मीचे केस बघ केवढे." आणि लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवलं. तिने आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. मग विचारणं बंद झालं.

आता ती वायर हातात घेऊन म्हणाली, "भिंतीवरची मम्मी मला मम्मी वाटतच नाही, आजी. ती नवरी आहे कुणीतरी. आणि मला जे आठवतं ते तर खोटंच आहे. एक तरी फोटो बघू दे मला."

लेकीला शब्द दिला होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येत नाही, असं मी तेव्हा मानायची.

शनिवारी ती मला स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार हेडफोन विकत होता. त्याने कॅमेरा घेतला आणि गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघतं तसं झाकण उघडून बघितलं. बघायला तेवढाच वेळ लागला.

"पोरी, डबा आणलास, जेवण घरीच राहिलं. कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?"

"फोटो कार्डात असतात. कुणीतरी काढून घेतलंय. काय आजी, कुणी काढलं?"

"मला काय कळतं त्यातलं?" मी म्हणाले.

घरी आल्यावर तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत, बापाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, मला ऐकू यावा म्हणून.

"पप्पा, मम्मीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड तुम्ही घेतलं ना?"

"कसलं कार्ड, बाळा?"

"नाटक नको. नव्या घरात मम्मी नको होती तुम्हाला, म्हणून काढलंत."

"मी त्या कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही गं. तुझ्या आजीला विचार."

"आजीला काय कळतं त्यातलं!"

मग तो म्हणाला, "बरं. मी घेतलं असेल तर मला माफ कर."

"खोटारडे आहात तुम्ही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जावयाचं आणि माझं कधी पटलं नाही. वर्षाच्या आत त्याने लग्न केलं ते मी विसरलेली नाही. पण हॉस्पिटलात तो होता, मी फोटो काढते हे त्याने बघितलं होतं. कार्ड कुणाकडे असेल हे त्याला तेवढ्यात कळलं असणार, आणि त्याने माझं नाव पुन्हा घेतलं नाही. पोर रडत होती आणि शिवी माझ्या वाट्याची त्याला बसली होती. मी उठले, फळीवरची डबी काढली आणि लॅपटॉपवर ठेवली.

"हे काय?"

"कार्ड. तुझ्या बापाने नाही घेतलं. मी घेतलं."

"तुला काढता येतं?"

"ढकलायचं. टक वाजलं की सोडायचं."

तिने डबी उघडली. "मिश्रीत कोण ठेवतं गं!" एवढंच बोलली. कार्ड लॅपटॉपच्या कडेला घातलं, काही दिसलं नाही. बाहेर काढून खोडरबराने घासलं, फुंकलं, परत घातलं. तेवढ्यात मी तिला सगळं सांगितलं. केस, गाठ, दिलेला शब्द. ती पडद्याकडेच बघत होती.

तिसऱ्या खेपेला फोटो आले. निम्म्याहून जास्त उघडलेच नाहीत, नुसते करडे चौकोन. तेरा वर्षं डबीत पडून कार्ड खराब झालं होतं. जे उघडले त्यातला एक मी विसरले होते. लेक खाटेवर बसली आहे, डोळे मिटून. तिच्या मागे गादीवर नात उभी आहे आणि तिचे दोन्ही पंजे आईच्या उघड्या डोक्यावर आहेत. दोघी हसतायत. तो फोटो मीच काढला होता.

नातीने पडद्यावर हात ठेवला.

"हेच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी खोटी नव्हते. तुला माहीत होतं."

"हो."

"तीनदा विचारलं मी तुला."

"हो."

लेकीने फोटो दाखवू नको म्हटलं होतं, पोरीची आठवण खोटी पाड असं तिने सांगितलं नव्हतं. ते माझं मी केलं. आणि पोर आईला विसरलीच नव्हती, तिला विसरायला मी लावलं.

तिने त्याच दिवशी बापाला परत फोन केला, बाहेर जिन्यात जाऊन. काय बोलली ते मी विचारलं नाही. माझ्याशी आठ दिवस कामापुरतं बोलली. मी जेवण वाढायची, ती जेवायची.

नवव्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. करडे चौकोन उघडले होते. पहिल्यावर बोट ठेवलं.

"यात काय होतं?"

"मला काय माहीत?"

"आठव. आणि जे नाही आठवत ते नाही म्हण. बनवून सांगू नको."

मी चष्मा लावला. चौकोनात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी लावला. बाजूचे फोटो बघून अंदाज घेतला.

"हा तुझा तिसरा वाढदिवस असेल. तुला पिवळा फ्रॉक होता."

"आणि मम्मीला?"

मी खूप आठवलं.

"ते नाही आठवत," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढच्या चौकोनावर बोट ठेवलं.